देवघर आणि दप्तर

(दृश्य: पंचहौद चर्चचा मनोरा, खालून वर. घंटांचा आवाज.)

ऑक्टोबर १८९०. गुरुवार पेठेतल्या याच पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली होती. व्याख्यान संपलं, मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसता हातात धरून खाली ठेवला. जमलेल्यांत महादेव गोविंद रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावभर गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. पेठांमधल्या घराघरांत श्राद्धाला भटजी मिळेनात. शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं.

(दृश्य: जुनं छायाचित्र, पगडीतले रानडे.)

सुधारक चिडले. रानड्यांची ही काही पहिली माघार नव्हती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या माणसानं पहिली पत्नी गेल्यावर, १८७३ साली, वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं होतं. घरात त्यांनी वडिलांचं ऐकलं, समाजात शंकराचार्यांचं. आता दुसरी बाजू बघा. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा झालं. सरकारनं धर्मात हात घालू नये म्हणून पुणं पेटलं होतं, आणि त्या गदारोळात रानडे कायद्याच्या बाजूनं उभे होते. दोन वर्षांनी ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

(दृश्य: ग्रंथालयातलं दंडविधानाचं जुनं पुस्तक. पानं उलटणारा हात.)

ज्या दंडविधानात हा बदल झाला ते १८६० सालचं. बदललं ते कलम ३७५. त्याच्यानंतर एकच कलम सोडलं की ३७७. पुरुषानं पुरुषाशी शरीरसंबंध ठेवला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकेल, असं हे कलम. ३७५ वर सभा झाल्या, अग्रलेख झडले, मित्र दुरावले. ३७७ वर कुणी चकार शब्द काढला नाही. ब्रिटिशांनी आणलेलं हे कलम आपल्याकडे इतकं मुरलं, की पुढे ते 'आपल्या संस्कृती'च्या नावानं वाचवायला धार्मिक संघटना सुप्रीम कोर्टात उभ्या राहिल्या. त्यात चर्चवाले होते, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, हिंदुत्वाचे कैवारीही होते. एरवी ही मंडळी एका मांडवात दिसायची नाहीत.

(दृश्य: फर्ग्युसन कॉलेजची मुख्य इमारत, सकाळ.)

चकार शब्द काढणारा एक निघाला, तो याच कॉलेजात शिकलेला. रघुनाथ धोंडो कर्वे. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार थांबवेनात, म्हणून १९२५ मध्ये मिशनरी व्यवस्थापनानं त्यांना नोकरी सोडायला लावली. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं. १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कारण काय, तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून दिलेली उत्तरं. त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न होते. कर्व्यांचे वकील होते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. असे प्रश्न छापायचेच कशाला, हा न्यायाधीशांचा सूर. लोक विचारतात, तर उत्तर द्यायला नको का, हा बाबासाहेबांचा. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला.

(दृश्य: पुणे प्राइड. ढोल, रंगीत छत्र्या, झेंडे. कॅमेरा हळूहळू रस्त्याच्या कडेला.)

ही पुण्याची प्राइड, समलिंगींच्या हक्कांचा मोर्चा. पहिली निघाली २०११ साली, बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टच्या पुढाकारानं. तेव्हा ३७७ लागू नव्हतं. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टानं सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते बाजूला ठेवलं होतं. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ते परत आणलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानंच काढलं. म्हणजे यातली काही मुलं चालायला लागली तेव्हा गुन्हेगार नव्हती, मधली पाच वर्षं होती, आता पुन्हा नाहीत. मुलं तीच, नाचही तोच.

(दृश्य: बंदोबस्ताचा पोलीस. कॉलरच्या आत तुळशीची माळ. क्लोजअप.)

या हवालदार काकांकडे बघा. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. हातातल्या दोरीनं ते मोर्चा रिक्षांपासून वेगळा ठेवतायत. साडी नेसलेल्या एका मुलाची टाच चपलेतून निसटते, काका दोरी खाली करतात, तो चप्पल घालेपर्यंत मागच्या पीएमटीला हात दाखवून थांबवतात. आम्ही विचारलं, हे तुम्हाला पटतं का? म्हणाले, "पटायचं काय त्यात? बंदोबस्त आहे." आणि पुढे गेले.

(दृश्य: सदाशिव पेठेतला छोटा हॉल. सतरंजी, स्टीलचे पेले, लॅपटॉपभोवती दहा-बारा जण.)

हा गट महिन्यातून एकदा भेटतो. त्या दिवशीचा विषय होता, धर्मनिष्ठ माणसाला समलिंगींच्या हक्कांचं खातं द्यावं का. परदेशातलं चित्रण आपल्याकडे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. २००४ मध्ये इटलीचे रोक्को बुत्तिल्योने युरोपियन कमिशनवर न्याय खात्यासाठी सुचवले गेले. समलैंगिकता पाप असू शकते, पण म्हणून तो गुन्हा ठरत नाही, असं त्यांनी सुनावणीत सांगितलं. युरोपीय संसदेच्या समितीनं एका मताच्या फरकानं त्यांना नाकारलं आणि त्यांची जागा दुसऱ्याला मिळाली. ब्रिटनमध्ये २००६ ला ब्लेअर यांनी समानतेचं खातं दिलं रूथ केली यांना. कडव्या कॅथलिक, ओपुस देई या संघटनेशी जोडलेल्या. समलैंगिकता पाप आहे का, याचं उत्तर त्या द्यायच्या नाहीत. समलिंगींना सेवा नाकारायला बंदी करणारे नियम यायचे होते आणि कॅथलिक दत्तक संस्था त्यातून सूट मागत होत्या. सूट मिळाली नाही, २००८ च्या अखेरपर्यंत मुदत तेवढी मिळाली. नियम याच बाईंच्या खात्यातून निघाले. आणि तिसरी, अमेरिकेतल्या केंटकीची सरकारी क्लार्क किम डेव्हिस. २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला नकार देऊन पाच दिवस तुरुंगात बसली.

(दृश्य: गटातले सर्वांत वयस्कर गृहस्थ. चेहरा धूसर.)

हे निवृत्त विवाह अधिकारी आहेत. दर चतुर्थीला उपास, वर्षाला एक सत्यनारायण, पालखी पुण्यात आली की निवडुंग्या विठोबाला मुक्कामाची सेवा. नाव दाखवायचं नाही, ही अट.

"किम डेव्हिस मला कळते," ते म्हणाले. "पण नोकरी सोडायला हवी होती तिनं. खुर्चीही हवी आणि सोवळंही हवं, असं कसं चालेल? मला काय सगळी लग्नं पटायची? आंतरधर्मीय तर नाहीच. पण सही कधी अडवली नाही."

समोरचा मुलगा पंचविशीतला, त्याचा जोडीदार शेजारीच. त्यानं विचारलं, "काका, आमचं आलं असतं तर?"

"कायद्यात असतं तर केली असती. मनातून नसती केली, एवढंच."

"आणि तीस दिवसांच्या नोटिशीचं काय?"

(दृश्य: नोंदणी कार्यालयाबाहेरचा फलक. काचेआड टाचलेले कागद, फोटो, पत्ते. पंख्याच्या वाऱ्यानं हलणारा एक कोपरा.)

विशेष विवाह कायदा १९५४ चा. लग्नाआधी तीस दिवस दोघांची माहिती अशी फलकावर लागते, हरकत असेल त्यानं नोंदवावी म्हणून. काकांना थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "नोटीस लागली की मुलीच्या घरी फोन जायचा. कोण करायचं ते सगळ्यांना ठाऊक असायचं. मी नाही केला. पण थांबवलाही नाही."

हॉलमध्ये त्या फोनवर अर्धा तास भांडण झालं. इथे फक्त तेवढंच ठेवलंय जेवढं कॅमेऱ्यात धड ऐकू येतं. आमच्या मते विषयाची मेख तिथेच आहे. किम डेव्हिस नाही म्हणते आणि दिसते, तिच्यावर खटला भरता येतो. आपल्याकडचा भाविक साहेब नाही म्हणत नाही. तो म्हणतो, उद्या या. साहेब रजेवर आहेत. वरून खुलासा मागवलाय. अशा माणसाला त्याचा धर्म विचारून काय हाती लागणार? फाईल कधी आली, कधी पुढे गेली, ते विचारावं.

मन बदलतं तेही जाता जाता सांगितलं पाहिजे. मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे मदुराईहून घर सोडून आलेल्या दोन मुलींचं प्रकरण आलं. हा विषय आपल्याला समजत नाही, हे त्यांनी लपवलं नाही. ते मानसतज्ज्ञाकडे जाऊन शिकले, आणि हे सगळं आदेशात नोंदवून जून २०२१ मध्ये समलिंगींना 'बरं' करण्याच्या तथाकथित उपचारांना मनाई केली. आपल्याकडे न्यायाधीश असं सहसा लिहीत नाहीत.

(दृश्य: मंत्रालयाचं पत्र, कागदावरून सरकणारा कॅमेरा.)

१७ ऑक्टोबर २०२३. लग्नाचा हक्क द्यायला सुप्रीम कोर्टानं नकार दिला, विषय संसदेकडे सोडला. केंद्रानं भारतीय कुटुंबसंस्थेचा हवाला देऊन विरोध केला होता, जमियत उलेमा-ए-हिंदही विरोधातच. विशेष विवाह कायदा बदलायचं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याआधीच, एप्रिल २०२२ मध्ये मांडलं होतं. निकालानंतर एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सदस्य कोण, तर गृह, आरोग्य, महिला-बालविकास, कायदा आणि सामाजिक न्याय खात्यांचे सचिव. त्याच वर्षी केंद्रातून पत्रं निघाली. समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरावं, बँकेत संयुक्त खातं काढायला आडकाठी नाही, जोडीदाराच्या मृतदेहावर दावा सांगता यावा.

(दृश्य: रेशनकार्डाचा अर्ज, हॉलमधल्या त्याच दोघांच्या हातात. मागे जिना.)

आत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. दोघं वर गेले, तासाभरानं खाली आले. पत्र दाखवलं होतं. क्लार्कनं ते वाचलं, 'कुटुंबप्रमुखाशी नाते' या रकान्यात पेन टेकवलं आणि साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. साहेब वारीला गेलेत. सोमवारी बोलावलंय.