ओक टेडीच्या काठचा मानवशास्त्रज्ञ

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पापुआ न्यू गिनीच्या पश्चिम प्रांतात ओक टेडी नावाची नदी आहे. डोंगरातून उतरून ती फ्लाय नदीला मिळते आणि तिचे पाणी शेवटी पापुआच्या आखातात जाते. तिच्या उगमाकडे माउंट फुबिलान हा डोंगर होता. होता म्हणतो, कारण तांबे आणि सोने काढून काढून तिथे आता अजस्र खड्डा उरला आहे. खाण १९८४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी, गाळ अडवण्यासाठी बांधायला घेतलेले धरण दरड कोसळून गेले. ते पुन्हा बांधलेच नाही. खनिज काढून उरलेला गाळ थेट नदीत सोडला जाऊ लागला, दिवसाला सुमारे ८०,००० टन!

स्टुअर्ट कर्श हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ याच काळात नदीकाठच्या योंगोम लोकांत राहायला गेले. खाण हा त्यांचा विषय नव्हता. चेटूक, मंत्र आणि विधी यांवर त्यांना प्रबंध लिहायचा होता. पण त्यांच्या डोळ्यांदेखत काठच्या बागा गाळाखाली जात होत्या, जंगलात पाणी तुंबून झाडे उभ्या उभ्या वाळत होती. सागोही मरत होता. आपला साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा असतो. तिकडचा सागो दलदलीत वाढणाऱ्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून कुटून, धुऊन काढतात. तेच रोजचे अन्न.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की चेटकाचा तो अभ्यास वाया गेला नाही. योंगोम लोकांत कोणी आजारी पडले किंवा दगावले की प्रश्न निघतो, हे केले कोणी? कोणाशी देणेघेणे बिनसले होते? खाणीलाही त्यांनी हेच विचारले. गाळाने उथळ झालेल्या नदीत होडी उलटली, तर दोष खाणीचा. बाहेरच्या माणसाला ही अंधश्रद्धा वाटेल. कर्श यांना त्यात नीतीचा चोख विचार दिसला. दुसऱ्याच्या जगण्यात ज्याने हात घातला, त्याला परिणामांपासून नामानिराळे राहता येणार नाही.

१९९२ मध्ये खाणीच्या सामाजिक परिणामांच्या पाहणीत ते सहभागी झाले. पुढे ते उघडपणे गावकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. संशोधकाने तटस्थ असावे, हा आक्षेप त्यांच्यावर आला. एका बाजूला जागतिक खाण कंपनी आणि दुसऱ्या बाजूला सागोवर जगणारे गाव असताना मधोमध उभे राहण्याला तटस्थता म्हणणे मला तरी पटत नाही.

१९९४ मध्ये रेक्स डागी, अलेक्स माउन आणि इतर गावकऱ्यांनी मेलबर्नच्या न्यायालयात खाण चालवणाऱ्या बीएचपी या ऑस्ट्रेलियन कंपनीवर दावा लावला. परदेशातल्या जमिनीच्या नुकसानीचा निवाडा आम्हाला करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मात्र नदी आणि जंगलावर चालणारे जगणे हिरावले गेले, ही तक्रार त्याने ऐकण्याजोगी मानली. त्या जगण्यात पैशाचा व्यवहार फारसा नव्हता, तरीही त्याचे नुकसान हे नुकसानच ठरू शकत होते. हा विचार मला फार मोठा वाटतो.

१९९६ मध्ये तडजोड झाली. भरपाई ठरली, गाळ आवरण्याचे आश्वासनही मिळाले. पुढे थोडा गाळ उपसला गेला, पण खाणीचा गाळ नदीत येतच राहिला. १९९९ मध्ये कंपनीच्याच अभ्यासांतून निघाले की हानी आधीच्या अंदाजापेक्षा बरीच मोठी आहे. २००२ मध्ये बीएचपीने आपला ५२ टक्के हिस्सा एका विकासनिधीकडे सोपवून काढता पाय घेतला आणि बदल्यात पुढच्या दाव्यांपासून कायदेशीर संरक्षण मिळवले. खाण चालूच राहिली.

दावा जिंकण्याइतकाच तो कधी लावला हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, हे कर्श यांनी पुढच्या लेखनात आग्रहाने मांडले. मेलबर्नला गावकरी पोहोचले तेव्हा नदीत दहा वर्षांचा गाळ साचला होता. त्यामुळे खाणीला परवानगी मिळण्याआधीच उभ्या राहणाऱ्या चळवळींकडे त्यांचे लक्ष वळले. खाण नको म्हणण्याचा अधिकार गावाला तेव्हा असतो, जेव्हा डोंगर अजून जागेवर असतो.