बोंडाच्या आतली अळी

(दृश्य: अमळनेर तालुक्यातलं शिवार. हिरवं बोंड फोडणारे हात, जवळून.)

वरून बघा, बोंड टणक आहे, हिरवंगार आहे, कुठे डाग नाही. आता फोडल्यावर बघा. एक कप्पा काळवंडलेला, सरकी पोखरलेली, आणि दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोटात बसलेली गुलाबी बोंडअळी. अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात ती आत शिरते, आणि शिरल्याचं छिद्र पुढे बुजून जातं.

(दृश्य: पाठीवर पंप, फवारणी.)

औषध पानावर पडतं, बोंडावर पडतं. अळी मात्र आत. शेताचे मालक आप्पा कॅमेऱ्याकडे न बघताच बोलतात, "कितलंबी मारा, ती मझारच ऱ्हास." म्हणजे, कितीही फवारा, अळी आतच राहते.

२००२ मध्ये भारतात बीटी कापूस आला, म्हणजे जिवाणूच्या जनुकामुळे अळीला मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारा; २००६ मध्ये अशा दोन जनुकांचा. गुलाबी अळीने पुढे दोन्ही पचवले. या अळीने बुडवलेल्या २०१७ च्या हंगामाची तर खान्देशात कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

(दृश्य: कापसाचं पान, भिंगातून.)

पानावरचे हे काळे ठिपके दिसतात? रोग नाही तो. या ग्रंथी आहेत, त्यांत गॉसिपॉल असतं. कापसाचं स्वतःचं विष! तरीही कापसावरची दुसरी एक अळी, घाटेअळी, हे पान खाते, कारण हे विष सोसायला मदत करणारं एक जनुक तिच्याकडे आहे.

मग ते जनुकच गप्प केलं तर?

(दृश्य: प्रयोगशाळा. खणांचं तबक, एका खणात एक अळी.)

ही गुलाबी नव्हे, घाटेअळी. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी खोली. २००७ मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी हिच्यावरच काम केलं. त्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए (आरएनए म्हणजे पेशीत जनुकाचा निरोप वाहणारा रेणू) त्यांनी वनस्पतीतच तयार करवला आणि ती पानं अळीला खाऊ घातली.

(दृश्य: ॲनिमेशन.)

पेशीत जनुकाकडून निरोप निघतो, त्यावरून प्रथिन बनतं. दुपदरी आरएनए पेशीत आला की डायसर नावाचं विकर (एन्झाइम) त्याचे बारीक तुकडे करतं, साधारण २१ अक्षरांचे (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक दुवा). त्यातला एक पदर आपल्याशी जुळणारा निरोप शोधून काढतो आणि तो निरोप तिथेच कापला जातो. जनुक जागेवर शाबूत. फक्त त्याचं म्हणणं पोहोचत नाही. ही यंत्रणा उलगडणाऱ्या अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना २००६ चं नोबेल मिळालं.

शांघायच्या त्या अळ्या गॉसिपॉल पोटात गेल्यावर खुरटल्या. आणि आम्हाला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की अक्षरं नीट निवडली तर नेम त्याच किडीवर बसतो. शेजारच्या फुलावरची मधमाशी आणि मावा खाणारा ढालकिडा, दोघांना वगळता येतं. पंपातल्या औषधाला एवढा विवेक कुठला?

(दृश्य: बटाट्याच्या पानावर पिवळे-काळे भुंगेरे, संग्रहातून.)

भुंगेऱ्यांवर हा उपाय चांगला चालतो. बटाट्यावरच्या कोलोराडो भुंगेऱ्यासाठी दुपदरी आरएनएच्या फवाऱ्याला अमेरिकेने २०२३ च्या अखेरीस मान्यता दिली. पतंगांच्या अळ्यांचं पोट मात्र अल्कधर्मी, त्यातली विकरं आरएनए लवकर फोडतात. म्हणून तो कायटोसानमध्ये (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) किंवा मातीच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळून पाहताहेत. बोंडातल्या अळीपर्यंत तर फवारा पोहोचतच नाही. तिथे झाडानेच तो बनवायला हवा. म्हणजे पुन्हा जनुक बदललेलं बियाणं, त्याच्या चाचण्या, केंद्राची परवानगी, आणि बियाण्याचा भाव.

(दृश्य: कामगंध सापळा. आप्पा पतंग मोजताहेत.)

तोवर आप्पांचा कामगंध सापळा आहे, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग आले, की फवारणीची वेळ झाली. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेली मिटलेली फुलं, दिसल्या की तोडून नष्ट करायच्या. फरदड, म्हणजे वेचणीनंतरही त्याच झाडांवर घेतलेलं पुढचं पीक, ठेवायची नाही; डिसेंबर सरला की पऱ्हाटी (कापसाची उभी झाडं) शेतातून काढायची. सरकीतली अळी उन्हाळाभर झोपून राहते आणि नव्या हंगामात पतंग होऊन पुन्हा याच शिवारात उतरते.