काटा, कोटा आणि मत

निपाणीजवळचं शिवार. पहाटेच ऊसतोड मजुरांची टोळी फडात उतरलीय. कोयत्याचा घाव बघा, अगदी जमिनीलगत. बुडख्यात साखर जास्त, तो भाग रानात सोडून चालत नाही. मग पाला काढायचा, वाढं म्हणजे वरचा शेंडा छाटायचा, मोळी बांधायची. ही भरली मोळी डोक्यावर घेऊन बायका फळीवरून ट्रॉलीत चढतात. वाढं जनावरांना जातं. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटतं, उताराही घटतो, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, म्हणून ही घाई. कारखान्याच्या दारात मराठी, कानडी सगळे एकाच रांगेत. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, पुढे काटा.

काट्यावर वजन कळतं. दर दिल्लीत ठरतो. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. याच एफआरपीवर बोट ठेवून ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला जागतिक व्यापार संघटनेत गेले. डिसेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात निकाल भारताच्या विरोधात लागला: उसाला दिलेला आधार उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के या मर्यादेबाहेर. भारताने अपील केलं. ते ऐकणारं मंडळच २०१९ पासून ठप्प आहे, कारण सदस्यांच्या नेमणुका अमेरिका होऊ देत नाही. म्हणजे आमच्या उसाला जास्त आधार मिळतो, असा जगाचा आक्षेप. आणि इथे बिलाची वाट बघणारा शेतकरी हा असा बसलाय.

आता निर्यात. जून २०२२ पासून साखर बाहेर पाठवण्यावर बंधन आलं, सरकार देईल तेवढाच कोटा, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते पुढच्या आदेशापर्यंत वाढवलं. डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरही मर्यादा घातली. देशात साखर पुरावी, भाव चढू नये, हे कारण. लोकसभा तोंडावर होती. साखर खाणारा मतदार देशभर आहे, ऊस लावणारा मोजक्या पट्ट्यात. हिशेब सरळ होता. कारखान्याने साखर किमान किती रुपयांना विकायची, तो भाव फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ ठरला होता, मतदान झालं तरी ३१ च.

७ मे २०२४. बेळगाव आणि चिक्कोडीत लोकसभेचं मतदान. शाळेच्या व्हरांड्यातली ही रांग, ही शाई लागलेली बोटं. कोयत्याचे घट्टेही त्याच हातावर दिसतील.

नोव्हेंबर २०२५, बेळगाव जिल्ह्यातल्या मुडलगी तालुक्यातला गुर्लापूर फाटा. ऊस शेतकऱ्यांची मागणी तोडणी-वाहतूक सोडून टनाला ३५०० ची. रस्ता अडला, दिवसामागून दिवस गेले. कर्नाटक सरकारने ३३०० वर तोड काढली आणि निर्यातीचं, साखरेच्या भावाचं बोट दिल्लीकडे दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॉल्या पुन्हा काट्याकडे निघाल्या.