केबल काढून ठेवा!

बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या फौंड्रीचं नाव मी घेणार नाही, कारण मालक इथं दुसऱ्या रांगेत बसलेले असू शकतात. (हशा) त्यांच्याकडचं कॉम्प्युटरचं काम मी बघायचो, म्हणजे अर्धा गुन्हेगार मीच. मार्च अखेर चाललेली. सकाळी सकाळी अकाउंटंटचा फोन, "सर, टॅली उघडंना झालंय." जाऊन बघतो तर प्रत्येक फाईलच्या नावाला कसलीशी परकी शेपटी आणि डेस्कटॉपवर चिठ्ठी: पैसे भरा, किल्ली देतो. रॅन्समवेअर म्हणतात याला, फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस.

मी ऐटीत म्हटलं, घाबरू नका, बॅकअप आहे की ओ! रोज रात्री नऊला, बाहेरच्या हार्ड डिस्कवर, मीच लावून दिलेला. डिस्क टेबलावर होती. दसऱ्याचं हळदकुंकू अजून तिच्यावर. आणि केबल? सीपीयूला, वर्षभर तशीच. निळी लाईट लुकलुकत होती. टॅली लॉक करून झाल्यावर त्या व्हायरसनं निवांतपणे बॅकअपही लॉक केला होता. कुलपालाच किल्ली अडकवून आम्ही सौंदत्तीला गेल्यासारखं झालं!

पैसे भरले नाहीत. भरून किल्ली मिळेलच, हे कोण सांगणार? कपाटातल्या बॉक्स फायली काढल्या आणि व्हाउचर बघून पुन्हा एंट्र्या मारल्या. अकरा दिवस. रोजचा कुंदा माझ्या खर्चानं, एवढ्यावरच सुटलो.

आता मोठ्यांची गोष्ट ऐका. २७ जून २०१७. नॉटपेट्या नावाचा व्हायरस. खंडणीचं नुसतं सोंग, किल्ली मुळात नव्हतीच. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली, न्हावा शेवाचं एक टर्मिनलसुद्धा अडकलं. कुणाला आत घ्यायचं याची वही सांभाळणारे त्यांचे डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवायचे. सगळे एकदम गेले. वाचला एकच, घानामधला. का? तर तिथं लाईट गेली होती! (हशा) आणि आपण लाईट गेली की बोर्डाला शिव्या घालतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. मला बोलावलं होतं बॅकअपच्या सॉफ्टवेअरवर बोलायला. ते आता पळत पळत.

बॅकअपच्या सॉफ्टवेअरला लागण कळते कशी? रोज दोनशे एमबी बदलणाऱ्या डेटात एका रात्री चाळीस जीबी बदललं, की ते बोंब मारतं. दुसरी खूण, एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे कुलूप लागलेली फाईल दाबून लहान होत नाही, त्यामुळं बॅकअप एकाएकी फुगतो. फक्त तो इशाऱ्याचा मेल नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या पत्त्यावर जात नाही ना, तेवढं बघा.

लागण झाली की आधी नेटवर्कची वायर काढा. फॉरमॅटची घाई नको, पुरावा जातो. सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, सहा तासांत कळवायचं, २०२२ चा नियम आहे. कालचा बॅकअप डोळे झाकून लावू नका, चोर कधीकधी आठवडेच्या आठवडे घरात दबून बसलेला असतो. एकेक तारीख मागं जात, नेटवर्कबाहेरच्या मशीनवर उघडून, स्कॅन करून बघा. स्वच्छ सापडला तरच नव्यानं टाकलेल्या विंडोजवर आणा, आणि पासवर्ड झाडून सगळे बदला. ठरलेल्या मुदतीपर्यंत अ‍ॅडमिनलाही पुसता येणार नाही असा बॅकअप आता मिळतो. महाग वाटत असेल तर दोन डिस्क घ्या, आलटूनपालटून, एक कायम घरी. आणि महिन्यातून एकदा रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून फायली परत आणून बघा, त्याशिवाय बॅकअप आहे असं म्हणू नका.

काय म्हणालात काका? हो हो, हळदकुंकू लावा की. केबल काढून.