तापीच्या पोटातली भेग

नमस्कार श्रोतेहो.

जळगाव जिल्ह्यात अडावदजवळचं उनपदेव तुम्ही पाहिलं असेल. तिथल्या गरम पाण्याची वाट जमिनीतल्या खोल भेगांतून येते. या भेगांना भ्रंश म्हणतात, म्हणजे खडक तुटून एक बाजू सरकलेली जागा. सातपुड्याच्या पायथ्याने असे जुने भ्रंश पूर्व-पश्चिम गेलेत. पण वर तापीचा गाळ, त्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा खडक. भेग दिसणार कशी? दिसत नाही, म्हणून ती ऐकायची.

मी चौथीत असताना चोपड्याकडच्या आमच्या शेतात हैदराबादची माणसं आली होती. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेव्हा सेंधव्यावरून थेट आपल्या सिंदाडपर्यंत असं सर्वेक्षण केलं. कापसाच्या सरीतून लांब केबल टाकली आणि मुठीएवढे जिओफोन, म्हणजे जमिनीतला हादरा टिपणारी यंत्रं, खिळ्यासारखे मातीत रोवले. लांब कुठेतरी भोकात सुरुंग उडणार होता. एकाने ओरडून सांगितलं, "कोणी हलू नका!" वडिलांनी बैल सोडून बांधावर धरले. मी श्वास रोखून उभा. पायाखाली जेमतेम धस्स झालं, पण गाडीतल्या कागदाच्या पट्टीवर रेघाच रेघा उमटल्या.

हादरा खाली जातो, थरांवर आपटून किंवा वळून वर येतो. किती वेळात परत आला, त्यावरून थर किती खोल ते कळतं. थराची रेघ सरळ चालली आणि मध्येच खाली-वर झाली, की तिथे भ्रंश. पुन्हा सांगतो, रेघ तुटली तिथे खडक तुटला. या सर्वेक्षणात काळ्या खडकाखाली त्याहून जुने गाळाचे खडकही सापडले.

इथे एक मनातलं बोलतो. गावोगाव शेकडो फूट बोअर मारतात आणि निघालेला चुरा बांधावर फेकून देतात. अहो, दर दहा फुटांचा मूठभर चुरा पिशवीत ठेवा, वर खोली लिहा! पाणी लागो न लागो, किती खोलीवर कुठला खडक, ही माहिती पुन्हा मिळत नाही.

तर त्या दिवशी आजी डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन आली आणि पट्टीवरच्या रेघा पाहत राहिली. मग म्हणाली, "भो, हाई जमीन पहिले बी हालनी व्हती. उतरंड वाजनी व्हती." ती १४ मार्च १९३८ च्या सातपुडा भूकंपाबद्दल बोलत होती. रिश्टर मापावर सहाच्या वरचा तो भूकंप, आणि त्याचं केंद्र सुमारे ४० किलोमीटर खोल.

वडिलांनी तिचं बोलणं हिंदीत सांगितलं. साहेब गाडीतून उतरले आणि विचारलं, "आवाज कुठून आला होता, आजी?" आजीने ना सातपुड्याकडे बोट केलं, ना तापीकडे. पाटी खाली ठेवली आणि तळहात जमिनीवर टेकवला. साहेबांनी वही काढून ते लिहून घेतलं.