कोर्टाची पायरी चढलेला आमदार

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या गोव्यात आमदार हा लांबचा माणूस नसतो. चाळीस मतदारसंघ, आणि एकेका मतदारसंघात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार. चवथीला तो गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली येऊन बसतो, चर्चच्या फेस्ताला दिसतो, मयताला खांदा द्यायला उभा असतो. २०२२ च्या निवडणुकीत सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी निवडून आले. म्हणजे एका वाड्याने मन बदललं तर आमदार बदलतो. अशा ठिकाणी आमदारावर गुन्हा नोंद झाला की ती बातमी वर्तमानपत्राच्या आधी तिठ्यावर पोचते. आणि तिठ्यावर एक घोटाळा नेहमी होतो. तक्रार, पोलिसांचं आरोपपत्र, न्यायालयाने केलेली आरोपनिश्चिती आणि शिक्षा या चार वेगळ्या गोष्टी तिथे एकच होऊन जातात. ‘त्याच्यावर केस आहे’ एवढंच शिल्लक राहतं.

मी तीस वर्षं वकिली केली, त्यातली बरीचशी म्हापशात. २०२२ च्या त्या निवडणुकीत माझा भाचा पहिल्यांदा मत देणार होता. एके संध्याकाळी तो मला म्हणाला, “मामा, आमच्याकडे तो तरुण उभा आहे ना, त्याच्यावर केस आहे म्हणतात. केस असलेल्या माणसाला उभं राहायला देतातच कसे?”

मी त्याला म्हटलं, आधी त्याचं प्रतिज्ञापत्र काढ.

हे प्रतिज्ञापत्र आपल्याला आपसूक मिळालेलं नाही. २००२ आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिले, म्हणून आज प्रत्येक उमेदवाराला स्वतःवरचे खटले, मालमत्ता आणि शिक्षण लिहून द्यावं लागतं. खटल्यांसाठी त्यात दोन वेगळे भाग आहेत. एकात प्रलंबित खटले येतात: गुन्ह्याचा क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं, कोणतं न्यायालय, आरोप निश्चित झाले की नाही. दुसऱ्या भागात झालेल्या शिक्षा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर हा कागद कुणालाही पाहता येतो. आम्ही दोघांनी तो ओळीने वाचला. शिक्षेचा रकाना निरंक होता. प्रलंबित खटला एक: आंदोलनातला, जमाव जमवल्याचा आणि सरकारी कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणल्याचा.

गोव्यातल्या तरुण पुढाऱ्याच्या नावावर असा गुन्हा असणं नवल नाही. इथली तरुण पिढी बऱ्याचदा आंदोलनातून पुढे येते. जमिनीचं रूपांतर, खाणी, नद्या, मोलेचं जंगल. शेळ-मेळावलीत जानेवारी २०२१ मध्ये आयआयटीच्या जागेवरून झालेल्या आंदोलनात काय झालं ते सत्तरी तालुक्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. प्रकल्प तिथून हलवावा लागला, पण त्या दिवसांत गावकऱ्यांवर गुन्हे नोंद झाले होते. पंचविसाव्या वर्षी माणूस विधानसभेला उभा राहू शकतो, असं संविधान सांगतं. आंदोलनात उतरायला तर कुठलीच वयाची अट नाही. म्हणून पुष्कळदा खटला आधी येतो आणि उमेदवारी नंतर.

आता कायद्यातली गोम ऐका. कामात अडथळा आणण्यासाठी सरकारी नोकरावर हात उगारणं म्हणजे भारतीय दंड संहितेचं जुनं ३५३ कलम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते १३२ झालं. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याचं आठवं कलम म्हणतं, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की आमदारकी गेली आणि सुटकेनंतर सहा वर्षं निवडणूक बंद. म्हणजे या एका कलमात पूर्ण शिक्षा दिली तर पद जातं आणि एक दिवस कमी दिली तर राहतं. न्यायाधीशाच्या लेखणीतल्या एका दिवसावर सगळा मतदारसंघ टांगलेला असतो. (काही गुन्ह्यांना ही मर्यादाही नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली नुसता दंड झाला तरी अपात्रता येते.)

आपल्याकडचंच उदाहरण आहे. पुढारी मिकी पाशेको यांनी २००६ मध्ये वीज खात्याच्या एका अभियंत्याला थप्पड मारली. २०११ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने शिक्षा सुनावली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यांनी मंत्रिपद सोडलं, तुरुंगात गेले, पण शिक्षा दोन वर्षांच्या आत असल्यामुळे नुवेची आमदारकी शाबूत राहिली. हिशेब करा. एका थपडेचा अंतिम निकाल लागायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत मार खाल्लेला अभियंता वाट पाहत होता, आरोपी वाट पाहत होता, आणि मतदारांनी दोन वेळा विधानसभा निवडली.

मला आज जे सांगायचं आहे ते या नऊ वर्षांबद्दल आहे.

पूर्वी शिक्षा झालेल्या आमदाराला तीन महिन्यांत अपील केलं की पद राखता येत होतं. १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात ती सवलत रद्द केली. तेव्हापासून अपात्र ठरवणारी शिक्षा झाली की पद त्याच क्षणी जातं. फार चांगला निकाल. पण त्याचा उपयोग खटला शिक्षेपर्यंत पोचला तरच. पुढच्याच वर्षी, मार्च २०१४ मध्ये, त्याच न्यायालयाने सांगितलं की आमदार-खासदारांवरचे गंभीर खटले आरोप निश्चित झाल्यापासून शक्यतो एका वर्षात संपवा. त्यानंतर विशेष न्यायालयं आली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयांना देखरेखीचे आदेश द्यावे लागले. एकच गोष्ट इतक्या वेळा सांगावी लागते, यातच सगळं आलं.

पक्षांतराच्या बाबतीत तर गोव्याने ही दिरंगाई फार जवळून पाहिली. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले. त्यांना अपात्र ठरवावं का, यावर सभापतींचा निकाल आला एप्रिल २०२१ मध्ये, अपात्रता नाही असा. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेल्या याचिकांवर निर्णय लागला २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. मतदान १४ फेब्रुवारीला होऊन गेलं होतं. निकाल बरोबर की चूक हा वाद क्षणभर बाजूला ठेवूया. ज्या विधानसभेबद्दल प्रश्न होता ती विधानसभाच संपत आली होती, याचं मला फार वाईट वाटलं. सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा आठ जण गेले.

रेंगाळणारा खटला दोघांना वेगवेगळं वागवतो. मुरलेला पुढारी तारखा पचवतो. त्याच्याकडे वकिलांची फौज असते, आणि साक्षीदार म्हातारे होतात, विसरतात, गाव सोडून जातात. पहिल्यांदा निवडून आलेला तरुण आमदार मात्र सकाळी कोर्टात हजेरीचा पुकारा ऐकत बसतो, तेव्हा तिकडे पर्वरीला विधानसभेत त्याने महिनाभर अभ्यास करून दिलेला प्रश्न सभागृहात पुकारला जातो आणि उत्तर मागायला तो जागेवर नसतो. हे मी अशिलांच्या बाबतीत पाहिलं आहे. तो निर्दोष असेल तर त्याचं ऐन उमेदीतलं एक अख्खं सत्र, कधी कधी अख्खी मुदत, कुणी भरून देत नाही. आणि तो दोषी असेल तर तितकी वर्षं आपण शिक्षेच्या माणसाला कायदे करायला बसवलेलं असतं. दोन्हीकडे नुकसान मतदारसंघाचंच.

याच गोव्यात १९७३ साली शशिकला काकोडकर अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाल्या. तरुण वयाला इथे संधी मिळते. ती वर्षं कोर्टाच्या ओसरीवर जाऊ नयेत, एवढी काळजी सरकारी वकिलांनी, पोलिसांनी आणि स्वतः आमदारानेही घ्यायला हवी. तारीख मागून घेणारा आमदार मला मान्य नाही. निर्दोष असल्याची खात्री असलेल्या माणसाने तारीख पुढे नाही, अलीकडे मागायची असते. माझ्या अशिलांना मी हेच सांगत आलो, आणि काहींनी त्यामुळे माझ्याकडून वकीलपत्र काढून घेतलं.

तो तरुण त्या वर्षी निवडून आला. भाच्याने त्याला मत दिलं की नाही ते मी विचारलं नाही. या विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. नवी प्रतिज्ञापत्रं येतील तेव्हा आम्ही दोघं पुन्हा तोच कागद काढणार आहोत. खटल्याचा तोच क्रमांक त्यात आहे का, आणि ‘आरोप निश्चित झाले का’ या प्रश्नासमोर आता काय लिहिलं आहे, ते भाचा वाचेल आणि मी ऐकेन.

नमस्कार.