घड्याळ बघून खायचं शहर : कोलकाता, एकटीनं

(दृश्य : पहाट. पोद्दार कोर्ट या इमारतीमागचा रस्ता. वाफाळते डबे, शाली गुंडाळलेली माणसं.)

कोलकात्यात काय खायचं हे विचारण्याआधी किती वाजलेत ते बघावं. इथं पदार्थाला वेळ असते, आणि त्या वेळेला तो कुठल्या गल्लीत मिळणार हेही ठरलेलं असतं. वेळ चुकली तर त्याच गल्लीत उभं राहून ओढलेलं शटर बघावं लागतं. म्हणूनच हे शहर एकट्यानं फिरावं, असं मी आग्रहानं सांगते. चौघं बरोबर असली की एकाला झोप आवरत नाही, दुसऱ्याला नऊशिवाय भूक लागत नाही. तोवर इथल्या, म्हणजे पोद्दार कोर्टामागच्या टिरेट्टा बाजारातले नाश्ता विकणारे लोक आवरून घरी गेलेले असतात.

जानेवारीचा महिना आहे. सव्वासहा वाजलेत. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून इथवर चालत फार तर दहा मिनिटं. फुटपाथवर ॲल्युमिनियमचे डबे एकावर एक रचलेत, मोदकपात्रासारखे. झाकण उचललं की वाफेत विकणारीचा चेहराच दिसेनासा होतो. आत बाओ आहेत, शुमाई आहे, मोमो आहेत. शेजारच्या पातेल्यात माशांच्या गोळ्यांचं सूप रटरटतंय. बाओचा पाव दोन बोटांनी उघडायचा. आतलं डुकराचं मांस सोया सॉसनं काळपट आणि चवीला गोडसर झालेलं असतं, त्याचा रस पावाच्या आतल्या पांढऱ्या पापुद्र्यात मुरलेला असतो. थंडीत हात गरम ठेवायलाही एक बाओ पुरतो. एकच मागितला तरी कुणाच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत.

एदुआर्दो तिरेत्ता नावाचा माणूस व्हेनिसहून इथं आला आणि कंपनी सरकारात शहराच्या रस्त्यांवर देखरेखीचं काम करू लागला. बाजाराला नाव त्याचं मिळालं, वस्ती मात्र चिनी माणसांची झाली. अठराव्या शतकाच्या शेवटी टोंग आछ्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जनं हुगळीकाठी जमीन दिली. तिथं त्यानं ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही अछिपूर म्हणून ओळखलं जातं आणि चिनी नववर्षाच्या सुमाराला कोलकात्यातली चिनी कुटुंबं तिथं दर्शनाला जातात. पुढं सुतार आले, चांभार आले, दाताचे डॉक्टर आले. त्यांच्यातल्या हक्का लोकांनी शहराच्या पूर्वेकडच्या टांगऱ्यात कातडी कमावण्याचे कारखाने काढले. आपण गावोगावच्या गाडीवर हक्का नूडल्स मागतो, ते हे हक्का.

मग १९६२ उजाडलं. युद्ध झालं सीमेवर, पण संशयाची नजर वळली या माणसांवर. आसामातल्या, दार्जिलिंगकडच्या हजारो चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यातली किती तरी भारतातच जन्मलेली होती. इथल्या वस्तीवरही पाळत आली, धंदे बसले, आणि पुढच्या वर्षांत अनेकांनी कॅनडाची वाट धरली. या बाजारात उभं राहून नाश्ता करणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं. आज डब्यांमागे बंगाली, बिहारी चेहरेही दिसतात. आठ वाजून गेले की झाकणं लागायला लागतात. रविवारी गर्दी जास्त, त्यामुळं रविवारी आणखी लवकर यावं.

(दृश्य : बऊबाजार. मिठाईच्या दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ, जवळून.)

चालत बऊबाजारकडे आलं की भीमचंद्र नाग यांचं दुकान लागतं. हे १८२६ सालचं. गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी कॅनिंग यांच्यासाठी इथं केलेली मिठाई आज साऱ्या बंगालात 'लेडिकेनी' या नावानं मिळते. मला मात्र इथं दाखवायचंय ते भिंतीवरचं घड्याळ. कुक अँड केल्व्ही या इंग्रज कंपनीचं हे घड्याळ, पण तबकडीवरचे आकडे बंगाली, कंपनीचं नावसुद्धा बंगाली लिपीत. दुकानात सांगतात ती हकीकत अशी : कंपनीचे साहेब मिठाई खायला आले आणि एवढ्या मोठ्या दुकानात घड्याळ कसं नाही, असं त्यांनी विचारलं. घड्याळ भेट द्यायचं ठरलं, तेव्हा मालकानं सांगितलं की आमच्या माणसांना इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत. मग तबकडी बंगालीत बनवून आली. तिच्यावरचा चार इंग्रजी आठसारखा दिसतो, तेवढं जपून वाचावं.

१९८४ साली देशात पहिल्यांदा मेट्रो धावली ती याच शहरात. सेंट्रल स्टेशनवर चढून शोभाबाजार-सुतानुटीला उतरायचं. बाहेर पडून गंगेच्या दिशेनं चालत राहिलं की ओल्या मातीचा वास येऊ लागतो.

(दृश्य : कुमारटुली. गवताचे सांगाडे, ओल्या मूर्ती.)

दुर्गापूजेआधीची कुमारटुली सगळ्यांनी छायाचित्रांत पाहिलेली असते. तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसते. मला जानेवारी पसंत आहे. वसंत पंचमी जवळ आलेली असते आणि सगळ्या गल्ल्या सरस्वतीच्या मूर्तींनी भरलेल्या असतात. बोटभर उंचीच्या घरगुती मूर्तीपासून शाळा-कॉलेजांत बसणाऱ्या माणूसभर मूर्तीपर्यंत. बांबूच्या चौकटीवर भाताचं काड सुतळीनं आवळून आधी देह बांधतात. त्यावर तूस मिसळलेल्या चिकट मातीचा थर, तो वाळून तडकला की वरून बारीक मातीचा. मुखवटा साच्यातून निघतो. बोटं वेगळी करतात आणि नंतर चिकटवतात. एका कारागिराच्या पाटावर अशी नुसती बोटं ओळीनं वाळत घातली होती, वीणा धरायच्या बेतानं वाकवलेली. प्रत्येक बोटाच्या पेरावर त्यानं नखानं बारीक रेघ ओढली होती. रंग चढल्यावर ती रेघ मांडवातल्या कुणालाही दिसणार नाही.

हा पिढ्यान् पिढ्या पुरुषांचा धंदा. चायना पाल, माला पाल यांच्यासारख्या मूर्तिकारांनी इथं स्वतःच्या नावानं काम उभं केलं, हे इथल्या बायका अभिमानानं सांगतात. कॅमेरा काढण्याआधी विचारावं. ही माणसं कामात आहेत आणि गल्ली एवढी अरुंद की आपल्या पाठीवरच्या पिशवीनं ओला हात मोडू शकतो.

(दृश्य : बागबाजार. पाटी : मराठा डिच लेन.)

कुमारटुलीहून उत्तरेला बागबाजार. इथल्या नोबीनचंद्र दासांनी १८६८ मध्ये स्पंजासारखा रसगुल्ला केला, म्हणून लोक इथं येतात. मी आले ती एका पाटीसाठी. मराठा डिच लेन. डिच म्हणजे खंदक, आणि तो खंदक आपल्या भीतीनं खणलेला.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरल्या होत्या. त्या घोडेस्वारांना इथं 'बर्गी' म्हणतात. ते कोलकात्यावर चालून येतील या धास्तीनं शहराभोवती सुमारे सात मैलांचा खंदक खणायचं ठरलं. तीनेक मैल खणून झाला. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. १७५६ मध्ये सिराजउद्दौला चालून आला तेव्हा खंदकाचा काही उपयोग झाला नाही. पुढं १७९९ च्या सुमारास तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. आज त्या रस्त्यांना आचार्य प्रफुल्लचंद्र राय आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावं आहेत. त्यावरून रोज हजारो बस धावतात.

आपल्या शाळेच्या पुस्तकात बंगालवरच्या स्वाऱ्या एखाद्या परिच्छेदात आटपतात. इथं त्या अंगाईत आहेत. बाळ झोपलं, पाडा शांत झाला, बर्गी आले, पाखरांनी धान्य खाल्लं, आता शेतसारा कुठून भरू, असं आई गाते. गंगाराम नावाच्या कवीनं त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' रचलं. त्यात ब्राह्मण पोथ्या घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन पळतात. मराठी माणसानं हे शहर बघताना हा भाग टाळून पुढं जाऊ नये. गावं जाळली ती आपल्याच माणसांनी.

आणि याच बंगालला दीडशे वर्षांनी आणखी एक मराठी नाव माहीत झालं. सखाराम गणेश देउस्कर. आजच्या झारखंडातल्या देवघर गावाच्या परिसरात वाढलेला हा मराठी घरातला माणूस बंगालीत लिहू लागला. इंग्रजांनी देश कसा लुटला, ते आकड्यांनिशी मांडणारं त्याचं 'देशेर कथा' १९०४ मध्ये आलं आणि स्वदेशीच्या चळवळीत घरोघरी पोचलं. सरकारनं १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. बंगालात त्याचं नाव आदरानं घेतात. महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि याचं मला वाईट वाटतं.

गल्लीत घराच्या ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "एकट्याच आलात? कुठून?"

"पुण्याहून."

"म्हणजे बर्गी!" ते मोठ्यानं हसले, सरकून जागा केली आणि चहावाल्याला हाक मारून म्हणाले, "दिदीला एक चहा दे." चहा मातीच्या भांड्यात आला. पैसे त्यांनी देऊ दिले नाहीत.

(दृश्य : कॉलेज स्ट्रीट. पुस्तकांच्या टपऱ्या उघडताना.)

कॉलेज स्ट्रीटला सकाळी जाऊन उपयोग नाही. टपऱ्या उघडता उघडता अकरा-साडेअकरा होतात. मला पुस्तकं घ्यायची होती, पण त्याआधी जेवण, कारण इथंही घड्याळ आहे. प्रेसिडेन्सी विद्यापीठाच्या शेजारच्या भवानी दत्त लेनमध्ये 'स्वाधीन भारत हिंदू हॉटेल' आहे. नावातलं 'स्वाधीन भारत' स्वातंत्र्यानंतर जोडलेलं. अशा खानावळींना इथं पाइस हॉटेल म्हणतात. थाळी नाही. भात वेगळा, डाळ वेगळी, मासा वेगळा, प्रत्येकाची किंमत वेगळी. केळीच्या पानाचे आणि मातीच्या पेल्याचेसुद्धा पैसे लावतात, लिंबाच्या फोडीचेही. वाढपी समोर उभा राहून आजचे जिन्नस एका दमात म्हणतो : शुक्तो, आलू-पोस्तो, मोचार घोंटो, पाबदा, पार्शे, चिंगडी. पहिल्या तीन भाज्या, पुढचे दोन मासे, शेवटची कोळंबी.

एकट्या माणसासाठी याहून चांगली सोय मला कुठल्याही शहरात दिसलेली नाही. पाहिजे तेवढंच मागायचं, खाल्लं तेवढ्याचेच पैसे द्यायचे. टेबल अनोळखी लोकांबरोबर वाटून घ्यायचं. माझ्यासमोर एक प्राध्यापक होते, शेजारी पुस्तकं बांधणारा कामगार. कडू शुक्तो पहिल्या घासाला खायचं, मासा शेवटी, हे मला त्या कामगारानं सांगितलं. मोचार घोंटो म्हणजे केळफुलाची भाजी. कोकणातल्या माणसाला ओळखीची वाटेल, पण इथं तिच्यात गरम मसाला आणि तूप पडतं. मासे दोन वाजायच्या आत संपत येतात. पावणेतीनला आलेल्यांना वाढपी यादी म्हणतो, पण अर्धीच.

मग कॉफी हाउस. जुन्या अल्बर्ट हॉलमधलं हे कॉफी हाउस १९५८ पासून कामगारांची सहकारी संस्था चालवते. उंच छत, पंखे, पगडी घातलेले वाढपी, आणि आवाजाचा कल्लोळ. एका काळ्या कॉफीवर, म्हणजे इथल्या 'इन्फ्युजन'वर, दुपार काढता येते. कुणी उठवत नाही. रोजचे लोक संध्याकाळी येतात. शांतपणे लिहायचं असेल तर दुपारच गाठावी. कॉलेज स्क्वेअरच्या कडेला 'पॅरामाउंट' हे १९१८ सालचं सरबताचं दुकान. शहाळ्याच्या मलईचं 'डाब शरबत' प्यायचं. त्याची कृती रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रायांनी दिली, असं दुकानवाले सांगतात.

(दृश्य : संध्याकाळ. हातीबागान. कढईतली भजी.)

इथून ट्राम मिळाली तर ट्रामनंच जावं. घोड्यांची ट्राम इथं १८७३ मध्ये सुरू झाली, विजेची १९०२ मध्ये. आता मार्ग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत आणि सरकारचा कल ते बंद करण्याकडे आहे. ते होऊ नये. ट्रामच्या संथ गतीतच दुकानांच्या पाट्या वाचून होतात.

पाच वाजले की उत्तर कोलकात्यात कढया तापतात. हातीबागानला लक्ष्मीनारायण साव यांच्या दुकानापुढे रांग लागते. वांग्याची बेगुनी, कांद्याची पेंयाजी, आलूर चॉप. तेवीस जानेवारीला, नेताजींच्या जयंतीला, हे दुकान भजी फुकट वाटतं. बेगुनी कागदाच्या पुडीत मुरमुऱ्यांबरोबर खायची. वरून काळं मीठ.

शेवटचं दुकान हेदुआजवळच्या रामदुलाल सरकार स्ट्रीटवरचं. गिरीशचंद्र दे आणि नकुरचंद्र नंदी, १८४४. इथं फक्त संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई मिळते. लोखंडी जाळीच्या आड विकणारे बसतात आणि जाळीतून पैसे आत जातात, पुडा बाहेर येतो. हिवाळ्यात यायचं ते नोलेन गुळासाठी, म्हणजे खजुराच्या रसाच्या ताज्या गुळासाठी. खजुराच्या झाडाला संध्याकाळी मडकं बांधतात आणि पहाटे उतरवतात. ऊन चढलं की रस आंबतो, म्हणून गूळ करणारे तो उजाडताच आटवायला घेतात. फेब्रुवारी सरला की तो वास वर्षभरासाठी गेला.

संदेश दोन तऱ्हांचा. नरमपाक दुकानासमोर उभ्यानं खायचा, जिभेवर ठेवला की विरघळतो, रात्र काढत नाही. कडापाक बांधून मागायचा. हावड्याहून मुंबईच्या गाडीत तो टिकतो. दोन्ही एकेक नगही मिळतात.